वाचकांचे प्रश्न : पासवर्ड, पासफ्रेज आणि फासे

गेल्या अंकात या सदरात आम्ही ‘पासवर्डऐवजी पासफ्रेज वापरा’ असे एका ओळीत सांगून मोकळे झालो. त्यावर बरीच पत्रे आली. एका ओळीत उरकण्याचा हा विषय नव्हता, म्हणून या वेळी बहुतेक जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरला पोराने ‘कोल्हापूर’ इंग्रजीत, पुढे ॲटचे चिन्ह आणि साल, असा तेरा अक्षरांचा पासवर्ड घातलाय. पडद्यावर हिरवी पट्टी येऊन ‘भक्कम’ असे दाखवते. मग पासफ्रेज आणि यात फरक काय? शब्द लांबवला की झालाच ना पासफ्रेज?
— गुळाचे अडते, शाहू मार्केट यार्ड

उत्तर : नाही होत. ती हिरवी पट्टी फक्त अक्षरे मोजते. एक मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, लांबी तेरा आहे, लावली हिरवी पट्टी. पासवर्ड फोडणारा अक्षरे जुळवत बसत नाही, तो माणसांच्या सवयी जुळवतो. गावे, देव, आडनावे, खेळाडू अशा एक लाख शब्दांची यादी घ्यायची. पहिले अक्षर मोठे करायचे, पुढे तीसपैकी एखादे चिन्ह आणि त्यापुढे शंभरपैकी एखादे साल लावायचे. सगळ्या शक्यता मिळून झाल्या तीस कोटी. पासवर्ड सहसा हॅश करून, म्हणजे उलट फिरवता येणार नाही असा घोटून, साठवतात. तो जुन्या, वेगवान हॅश पद्धतीने साठवलेला असेल तर आजचे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटी अंदाज तपासू शकते. तुमच्या पोराचा पासवर्ड त्यात सेकंदभरही टिकत नाही.

आपल्याकडच्या सवयी तर ठरलेल्याच आहेत. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, शाहू, आणि पुढे १२३ किंवा गाडीचा एमएच ०९. ‘ए’च्या जागी ॲटचे चिन्ह घालणे ही युक्तीही फोडणाऱ्यांच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड उघड्या मजकुरात फुटले, त्यात सर्वांत जास्त वेळा सापडला तो १२३४५६. तेव्हापासून अशा याद्या वाढतच गेल्या आहेत.

आता फरक. पासवर्ड म्हणजे अक्षरांचा एक गठ्ठा, पासफ्रेज म्हणजे अनेक शब्दांची माळ. लांब वाक्प्रयोग माणसाला लक्षात ठेवायला सोपा जातो, म्हणून तो वापरावा, ही कल्पना सिग्मंड पोर्टर यांनी १९८२ मध्ये मांडली. पण नुसती लांबी कामाची नाही. शब्द कोणी निवडले, यावर सगळे अवलंबून आहे. डोक्याने निवडले तर सवयी पुन्हा आत शिरतात, फाशाने निवडले तर शिरत नाहीत.

१९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाची पद्धत काढली, ती हीच. सापशिडीचा साधा फासा पाच वेळा टाकायचा. सहा गुणिले सहा असे पाच वेळा केले की ७,७७६ होतात, म्हणून यादीत बरोबर ७,७७६ शब्द असतात. प्रत्येक शब्दापुढे १११११ ते ६६६६६ मधला एक आकडा असतो. पडले ४-१-६-२-५, तर ४१६२५ पुढचा शब्द तुमचा. असे सहा शब्द काढा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये वाचायला-लिहायला सोप्या इंग्रजी शब्दांची अशीच यादी केली, ती मोफत मिळते.

ताकद बिटमध्ये मोजतात. एक बिट वाढला की फोडणाऱ्याचे काम दुप्पट होते. अशा यादीतल्या एका शब्दाचे १२.९ बिट धरा. इंग्रजी कळफलकावरच्या ९५ चिन्हांतून यंत्राने कसेही उचललेल्या एका अक्षराचे ६.६ बिट होतात. म्हणजे चार शब्द हे आठ आडव्यातिडव्या अक्षरांपेक्षा किंचित कमीच भरतात, आणि सहा शब्द जवळपास बारा अक्षरांइतके. सेकंदाला दहा हजार कोटींच्या वेगाने सगळ्या शक्यता संपवायच्या म्हटले, तर आठ अक्षरांना साधारण १८ तास, चार शब्दांना १० तास, पाच शब्दांना ९ वर्षे आणि सहा शब्दांना सत्तर हजार वर्षे लागतात. चौथ्या-पाचव्या शब्दामध्ये केवढी उडी आहे बघा. ‘चार शब्द पुरेत’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पासवर्डांची फाइलच चोरीला जाऊ शकते, तिथे तो आम्हाला पटत नाही.

चोराला तुमची शब्दयादी माहीत असली तरी वरचे हिशेब बदलत नाहीत. यादी त्याच्या हातात आहे असे धरूनच ते केले आहेत.

इंग्रजी स्पेलिंगची अडचण असेल तर घरची यादी करा. चार फाशांना १,२९६ शब्द लागतात. घरातल्या सहा जणांनी प्रत्येकी २१६ लिहिले की यादी तयार. चाळण, परात, वेस, भिंगरी, कापूर असे डोळ्यांपुढे येणारे शब्द घ्या. एका शब्दाचे १०.३ बिट होतात, म्हणून सहाऐवजी सात शब्द काढा. ते टाइप करायचे रोमन अक्षरांत, आणि इथेच मराठी माणूस अडखळतो. ‘वीट’ लिहिताना आज एक आय, उद्या दोन ई. नियम एकदाच ठरवा : ऱ्हस्व-दीर्घ काहीही असो, स्वराला एकच अक्षर, ‘ळ’ला एल, श आणि ष दोन्हींना एस-एच. मग ‘पाट’ आणि ‘पात’, ‘माळ’ आणि ‘माल’ रोमनमध्ये सारखेच दिसू लागतात. अशा जोडीतला एक शब्द काढून दुसरा नवा घाला, नाहीतर यादी १,२९६ ची म्हणायची आणि प्रत्यक्षात भरायची कमी.

शब्द पडल्यावर लोक एक गोष्ट हमखास करतात : जमत नाहीत म्हणून आवडते ठेवतात, नावडते बदलतात. ते करू नका. फार तर पूर्ण माळा चार काढा आणि त्यातली एक निवडा, यात जास्तीत जास्त दोन बिट जातात. सहा शब्दांचा क्रम सोयीने लावला तर ७२० मांडण्यांतली एक तुम्ही निवडली, म्हणजे साडेनऊ बिटांपर्यंत घट. त्यापेक्षा पडलेल्या क्रमातच एखादे वेडेवाकडे चित्र मनात रचा. आणि वर छापलेले शब्द आपल्या यादीत असू द्या, पण माळ म्हणून जसेच्या तसे उचलू नका.

प्रश्न : देवनागरीतच पासफ्रेज टाकला तर? बाहेरच्या चोराला मराठी येणारच नाही.
— डीटीपी ऑपरेटर, लक्ष्मीपुरी

उत्तर : चोराला मराठी यायची गरज नाही, त्याच्या यादीला आली की पुरे. पण खरी अडचण चोराची नाही, तुमचीच होईल.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. तो द, नुक्ताचा ऱ, हलन्त, य, काना असाही टाइप होतो, आणि द, साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह, य, काना असाही. छापल्यावर दोन्ही एकसारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. पासवर्डच्या रकान्यात तर फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे ऑफिसच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ठेवलेला पासफ्रेज मोबाइलच्या मराठी कळफलकावरून चालला नाही, तर का चालला नाही हे कळायलाही मार्ग नसतो. आकड्यांचेही तेच, मराठी ५ आणि इंग्रजी पाच ही वेगळी चिन्हे आहेत.

दुसरी गोष्ट बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘कोल्हापूर’ दिसायला चार अक्षरे, मोजायला नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. बीक्रिप्ट ही पासवर्ड साठवण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, ती पहिले ७२ बाइटच विचारात घेते. कोल्हापूरएवढे अडीच शब्द झाले की पुढचे काही प्रणाली मुकाट्याने सोडून देतात. तुम्ही सात शब्द टाइप करता आणि कुलूप अडीच शब्दांचेच असते.

तिसरे म्हणजे, डिस्क कुलूपबंद केली असेल तर कॉम्प्युटर सुरू होतानाच पासफ्रेज विचारला जातो. त्या पडद्यावर मराठी कळफलक आलेलाच नसतो. तेव्हा शब्द मराठी ठेवा, अक्षरे रोमन.

७२ बाइटांपुढच्या कापाकापीचा संशय असेल तर तपासणी सोपी आहे. आत शिरताना पासफ्रेजचे शेवटचे अक्षर मुद्दाम चुकवा. तरीही दार उघडले तर शेपूट कापले जात आहे. तिथे माळ उपयोगाची नाही, कमी जागेत जास्त बिट बसवणारा, यंत्राने काढलेला आडवातिडवा पासवर्डच बरा.

प्रश्न : महाद्वार रोडजवळ आमचे लॉज आहे. वायफायचा पासवर्ड म्हणजे लॉजचाच मोबाइल नंबर, कारण भाविकांना सांगायला सोपा. धोका किती?
— लॉजमालक, कोल्हापूर

उत्तर : नंबर बोर्डावर लिहिलेला आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत अंदाज बांधण्याचेही कष्ट नाहीत. बोर्डावर नसता तरी फार फरक पडला नसता. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत एखादा फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते, ती रस्त्यावर बसून पकडता येते. मग घरी नेऊन निवांत अंदाज तपासायचे, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे पासफ्रेज आणि वायफायचे नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घोटले जाते, त्यामुळे वेग कमी पडतो. तो सेकंदाला दहा लाख धरू. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे चारशे कोटी शक्यता. सगळे तपासायला तासाच्या वर सातेक मिनिटे लागतात. आठ आकडी जन्मतारीख-छापाचा पासवर्ड शंभर सेकंदांत जातो. डाइसवेअरच्या चार शब्दांना मात्र त्याच वेगाने शंभरावर वर्षे लागतील.

वायफाय ही पासफ्रेजसाठी सगळ्यांत योग्य जागा आहे, कारण तो माणसाने माणसाला सांगायचा असतो. ‘मोठा एस, मग डॉलर, मग शून्य की ओ?’ असे काउंटरवर रात्री अकरा वाजता कोण सांगत बसणार? चार-पाच साधे शब्द, सगळी लहान अक्षरे, मध्ये आडवी रेघ. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे, तीही इंग्रजी कळफलकावरचीच. राउटरच्या पानावर एवढे करा : पाहुण्यांचे वायफाय वेगळे काढा, बुकिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे त्यावर ठेवू नका, कंपनीने दिलेले वायफायचे नाव बदला, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय, बंद करा. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत तो निघतो. हा दोष २०११ मध्येच जाहीर झाला, तरी कित्येक राउटरवर ती सोय चालूच असते. डब्ल्यूपीए-२ च्या पुढची डब्ल्यूपीए-३ मिळत असेल तर तीच निवडा, त्यात घरी नेऊन अंदाज तपासता येत नाहीत.

प्रश्न : पतसंस्थेत दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात. आम्ही शेवटचा आकडा एकने वाढवतो. पासफ्रेज केला तर दर महिन्याला सहा नवे शब्द पाठ करायचे का?
— क्लार्क, राजारामपुरी

उत्तर : आकडा वाढवणे सगळेच करतात, आणि ते फोडणाऱ्यांनाही ठाऊक आहे. जुना पासवर्ड मिळाला की पुढचा मिळाल्यातच जमा.

मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल, हा शिरस्ता जगभर पसरला त्यात अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेचा मोठा हात होता. तो भाग लिहिणारे बिल बर आता निवृत्त आहेत. आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो, असे त्यांनी २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षी निस्टने दिशा बदलली : पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच तो बदलायला लावा, चिन्हांची सक्ती नको, किमान ६४ अक्षरांपर्यंत मुभा द्या. २०२५ च्या आवृत्तीत नुसत्या पासवर्डवर प्रवेश असेल तिथे किमान १५ अक्षरे हवीत असे म्हटले आहे.

हे झाले अमेरिकेचे. तुमच्या ऑडिटरच्या तक्त्यात तीस दिवस लिहिले असतील तर ते पाळावेच लागतील, आमचे सदर दाखवून सुटका होणार नाही. संचालक मंडळापुढे मुदत वाढवण्याचा आणि ओटीपीची जोड देण्याचा मुद्दा मांडून बघा. तोवर पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपाआड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, दर महिन्याला नवा, वीस अक्षरांचा, काहीच्या बाही पासवर्ड तयार करा. तो पाठ करायचा नाही. पाठ करायची ती मॅनेजरच्या दाराची सहा शब्दांची माळ, आणि ती महिन्याला बदलत नाही. मोठे अक्षर आणि आकडा हवाच असा कुठे हट्ट असेल, तर माळेच्या शेवटी एक ठरलेले मोठे अक्षर आणि एक आकडा जोडा. त्याने ताकद वाढत नाही, फक्त रकाना समाधानी होतो.

तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे, की काउंटरवर तिघे एकाच लॉगिनवर काम करता. पासवर्ड की पासफ्रेज, या प्रश्नाच्या आधी तो मिटवा. तिघांचे एक लॉगिन असेल तर चुकीची नोंद कोणाची, हे कधीच ठरत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. अभंग, श्लोक, ओव्या पाठ आहेत. त्यातली एखादी ओळ घेतली तर सहा काय, दहा शब्द होतील. चालेल ना?
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सर, नाही चालणार, आणि याचे वाईट आम्हालाही वाटते. जी ओळ छापलेली आहे, ती यादीत येऊ शकते. गाणी, धर्मग्रंथ, विकिपीडियाची पाने यांतून वाक्ये उपसून फोडणारे याद्या करतात. दहा शब्दांची ओळ असली तरी चोराच्या लेखी ती एकच वस्तू, शब्दांची संख्या तिथे मोजलीच जात नाही. ओळीतल्या शब्दांची पहिली अक्षरे घेण्याची युक्तीही याच कारणाने कच्ची.

पाठांतराची सवय मात्र फार कामाची आहे. फाशाने सहा शब्द काढा, कागदावर लिहा, आणि पहिला आठवडा दिवसातून चार-पाच वेळा कागद न बघता टाइप करा. तुमच्यासारख्यांना दोन दिवस पुरतील. कागद फाडू नका. घराचा उतारा, विम्याची कागदपत्रे जिथे असतात त्या कपाटात ठेवा. रशियातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही, आणि तुम्ही दवाखान्यात असताना घरच्यांना तो कागद लागू शकतो. मोबाइलच्या नोंदवहीत लिहू नका. कळफलक शब्द शिकतो आणि दुसऱ्याच कुणाला निरोप लिहिताना तुमची माळ आपणहून पुढे करतो.

प्रश्न : एसएसएचची किल्ली बनवताना पासफ्रेज विचारतो. सर्व्हरचा पासवर्ड तोच टाकायचा का? मित्र म्हणतो, सरळ एंटर दाब.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गोकुळ शिरगाव

उत्तर : दोन्ही नको. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत. तिथे पासवर्ड सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर तो तपासतो. हा पासफ्रेज तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर जातच नाही. तुमच्या डिस्कवरची खासगी किल्ली त्याने कुलूपबंद होते, बस. म्हणून तो विसरलात तर ॲडमिनकडून रीसेट होत नाही, खासगी-सार्वजनिक किल्ल्यांची नवी जोडी करून त्यातली सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पुन्हा टाकावी लागते. आणि किल्लीची फाइल चोरीला गेली तर ‘पाच वेळा चुकले, खाते बंद’ म्हणणारा तिथे कोणी नसतो, चोर वाटेल तितके प्रयत्न करतो. त्यामुळे इथे पूर्ण सहा शब्द. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा एसएसएच एजंट चालू करा, लॉगिन केल्यावर एकदाच विचारेल.

एक फसगत सांगून ठेवतो. पासफ्रेज बदलला तरी किल्ली तीच राहते. पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत जुन्याच पासफ्रेजने उघडते. प्रत हरवली असेल तर पासफ्रेज बदलत बसू नका, किल्लीच बदला आणि जुनी सर्व्हरवरून काढा. एंटर दाबणाऱ्या मित्राचा लॅपटॉप एका दुपारपुरता जरी दुसऱ्याच्या हाती गेला, तरी त्याच्या सगळ्या सर्व्हरांची दारे उघडी.

थोडक्यात काही :

*एटीएमचा पिन चारच आकडी, तो कसा चालतो?* (कागल) — दहा हजार शक्यता असल्या तरी थोड्याच चुकांनंतर कार्ड अडवले जाते, शिवाय कार्ड प्रत्यक्ष हातात असावे लागते. प्रयत्न मोजणारा कोणी असेल तिथे छोटा पिन चालतो. यूपीआयचेही तसेच.

*घरी बरोबर चालणारा पासफ्रेज फोनवर ‘चूक’ का म्हणतो?* (इचलकरंजी) — बहुधा कळफलकाने पहिले अक्षर आपणहून मोठे केले असेल, किंवा सुचवलेला शब्द दाबल्यावर शेवटी एक मोकळी जागा पडली असेल. डोळ्याचे चिन्ह दाबून बघा, शेवटची जागा पुसा. हा त्रास वारंवार होत असेल तर मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ घ्या.

*सहा शब्दांचा पासफ्रेज असूनही पैसे गेले. कसे?* (शाहूपुरी) — तुम्ही लिहिल्याप्रमाणे वीजबिलाच्या निरोपातल्या दुव्यावर जाऊन तुम्ही तो स्वतःच भरला. खोट्या पानावर चार अक्षरे टाका की चाळीस, ती सारखीच जातात. पासवर्ड मॅनेजर अशा वेळी मदत करतो, कारण पत्ता जुळला नाही तर तो रकाना भरतच नाही. तेवढ्यानेच सावध व्हायचे. अजून तक्रार केली नसेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.